पाटीवर ‘डीलर’ लिहिलंय, पण माल कोणाचा?

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी मित्राचा पुतण्या फाइल घेऊन माझ्याकडे आला. विजेवर चालणाऱ्या स्कूटरची आख्ख्या तालुक्याची डीलरशिप त्याला मिळत होती. अनामत रक्कम, शोरूमचं फर्निचर आणि पहिल्या वीस गाड्यांचे पैसे मिळून आकडा मोठा होता. तो उभा करायला त्याने सातबाराही फाइलीला लावून आणला होता, बँकेत जमीन गहाण टाकायची म्हणून. मी विचारलं, “गाड्या खपल्या नाहीत तर रे?” तो म्हणाला, “काका, गाड्या कंपनीच्याच आहेत ना. मी नुसता डीलर.”

छोट्या व्यापाऱ्यांचे कर आणि करारमदार बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. ‘मी नुसता डीलर’ हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलंय, आणि त्यातल्या काहींची घरं त्या वाक्यापायी विकली गेलेली पाहिलीत. म्हणून हा लेख.

‘डील’ या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ वाटणे, हिस्से करणे. पत्ते पिसून वाटणारा डीलर हा त्याच अर्थाचा. आज आपल्याकडे पेट्रोल पंपाचा मालक डीलर, खत-बियाण्यांचा दुकानदार डीलर, रेशन दुकानदार डीलर, गाड्यांचा शोरूमवाला डीलर, शेअर दलालाच्या कचेरीत संगणकासमोर बसून सौदे टाकणारा पोरगाही डीलर, आणि पणजीला मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर पत्ते वाटणारी मुलगीही डीलर. पाटी एक, धंदे सहा. मी प्रत्येकाला तीनच गोष्टी विचारतो. माल कोणाच्या नावावर आहे? भाव कोण ठरवतो? आणि बुडालं तर कोणाचं बुडतं? या तिन्हींची उत्तरं मिळाली की पाटीवर काय लिहिलंय याला महत्त्व उरत नाही.

सुरुवात आपल्या ओळखीच्या माणसापासून करू. अडत्या.

सांगोल्याचा शेतकरी डाळिंबाचे क्रेट रात्रीच्या गाडीने पुण्याच्या मार्केट यार्डात पाठवतो. पहाटे ते अडत्याच्या गाळ्यावर उतरतात. अडत्या खरेदीदारांना बोलावतो, बोली लागते, माल जातो आणि शेतकऱ्याला पट्टी मिळते. किती क्रेट, काय भाव, हमाली किती, तोलाई किती, गाडीभाडं किती, हाती काय, सगळं त्या एका कागदावर. या व्यवहारात डाळिंब एक क्षणही अडत्याच्या मालकीचं झालं नाही. त्या दिवशी बाजार पडला तर तोटा शेतकऱ्याचा. अडत्याची टक्केवारी तेवढी लहान होते, पण गाठचं काही जात नाही. १८७२ च्या करार कायद्यात अशा माणसाला एजंट म्हटलंय, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणारा. त्याचं पहिलं कर्तव्य ज्याचा माल त्याच्याशी इमान राखणं.

ते इमान पाळलं जावं म्हणूनच बाजार समित्यांचा कायदा आला. पूर्वी ‘हत्ता’ पद्धत होती. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालायचे, बोटांच्या खुणांनी भाव ठरायचा. ज्याचा माल तो शेतकरी शेजारीच उभा, पण त्याला भाव कळायचा नाही. नियंत्रित बाजारात रुमाल गेला, उघडी बोली आली. पुढे २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला, आणि अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. माझ्या मते हा बदल फार आधी व्हायला हवा होता. मात्र एक गाठ कायद्याने सुटलेली नाही, ती म्हणजे उचल. लग्नाला, औषधपाण्याला, छाटणीच्या मजुरीला अडत्या आगाऊ पैसे देतो, आणि मग माल त्याच्याच गाळ्यावर घालावा लागतो. अडत्या वाईट असतो असं नाही. अडीनडीला रात्री दहा वाजता पैसे देणारा दुसरा कोण असतो? पण ज्याचं देणं लागतो त्याच्याच हाती आपला माल विकायला द्यायचा, तर इमानाचा कस लागतो एवढं खरं.

आता याच्या अगदी उलट बाजूला या. मोटारीचा डीलर.

कारखान्यातून गाडी निघाली की कंपनी डीलरच्या नावाने बिल फाडते. त्या घडीला गाडी डीलरची होते. हे पैसे तो बँकेकडून उचलतो आणि त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं. शोरूममध्ये काचेआड चकाकत उभी असलेली प्रत्येक गाडी मालकाला रोज व्याज मोजायला लावत असते. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात विक्रेते फोनवर फोन का करतात आणि डिसेंबरात सवलती का निघतात, याचं उत्तर तिथे आहे. कंपनीला आपला विक्रीचा आकडा दाखवायचा असतो, म्हणून ती महिनाअखेरीस डीलरच्या गळ्यात जादा गाड्या घालते. कंपनीच्या हिशेबी त्या ‘विकल्या’ गेल्या. ग्राहकाने मात्र अजून हातही लावलेला नसतो. गाडीच्या किमतीत डीलरचा वाटा आपल्याला वाटतो त्याहून बराच कमी असतो. त्याचं घर चालतं ते सर्व्हिसिंग, सुटे भाग, विमा आणि सीट कव्हर-मॅटिंगवर.

आणि कंपनीच निघून गेली तर? जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतात गाड्या विकणं थांबवलं. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. कंपन्यांनी भरपाईच्या वाटाघाटी केल्या, पण ज्यांनी त्या नावाच्या रंगात आख्खी इमारत उभी केली होती, कर्ज घेतलं होतं, मेकॅनिक शिकवून तयार केले होते, त्यांच्या हातात करारात लिहिलेलं होतं तेवढंच राहिलं. अमेरिकेत या प्रश्नाची ओळख फार जुनी आहे. तिथे १९५६ मध्येच मोटार डीलरला कंपनीविरुद्ध कोर्टात दाद मागता यावी म्हणून संघराज्याचा स्वतंत्र कायदा झाला, आणि राज्याराज्यांचे कायदे वेगळेच. आपल्याकडे डीलरला वाचवणारा असा खास कायदा नाही. इथे करार हीच ढाल, आणि तो करार लिहिलेला असतो कंपनीच्या वकिलाने.

पुण्याजवळ चाकणला कारखाना असलेल्या मर्सिडीज-बेंझने २०२१ मध्ये ही सगळी मांडणीच बदलली. तेव्हापासून नव्या गाड्यांचा साठा कंपनीच्या मालकीचा असतो, ग्राहकाला बिल थेट कंपनी देते आणि देशभर भाव एकच. शोरूम तेच, माणसं तीच, चहा तोच. पण शोरूमचा मालक आता गाड्यांचा मालक नाही. तो गाडी दाखवतो, चालवायला देतो, ताबा देतो आणि त्याबद्दल मोबदला घेतो. साठ्यावरचं व्याज गेलं, तशी भावात मुरड घालून गिऱ्हाईक राखायची मुभाही गेली. म्हणजे एका रात्रीत मोटारीचा डीलर डाळिंबाच्या अडत्याच्या जवळ येऊन बसला. बाहेरून बघणाऱ्याला काही कळलंही नाही. कळायला एकच जागा आहे, बिलावर वरच्या बाजूला कोणाचं नाव छापलंय.

पेट्रोल पंपवाल्याचं त्रांगडं आणखी वेगळं. टँकरचे पैसे तो आधी भरतो, इंधन त्याच्या टाकीत उतरलं की ते त्याचं. पण भाव ठरवायचा अधिकार त्याला शून्य. त्याला प्रतिलिटर ठरलेलं कमिशन मिळतं. १६ जून २०१७ पासून देशभर इंधनाचा भाव रोज बदलायची पद्धत आली. त्याआधी पंधरवड्याला बदलायचा. भाव वाढला तर टाकीतल्या साठ्यावर त्याला फायदा, उतरला तर तोटा. साधारणपणे हा फरक लिटरमागे काही पैशांचा असतो. पण २०२१ च्या दिवाळीत केंद्राने एका रात्रीत पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क ५ रुपयांनी आणि डिझेलवरचं १० रुपयांनी कमी केलं. आपण सगळे खूश झालो. ज्याच्या टाकीत त्या रात्री वीस हजार लिटर डिझेल होतं, त्याने मात्र त्यावरचं जुनं शुल्क आधीच भरलेलं होतं. हिशेब करा. सकाळी पंप उघडायच्या आत २ लाख रुपये गेले. मालक तो, भाव दुसऱ्याचा. माझ्या दृष्टीने ही सगळ्यात अवघड जागा. पंपावर गेल्यावर माप कमी वाटलं तर जरूर पाच लिटरचं शिक्क्याचं माप मागा, तो आपला हक्क आहे. पण भावावरून पंपवाल्याशी भांडण्यात काही अर्थ नाही.

फ्रँचायझीत तर माल ही दुय्यम गोष्ट आहे. तिथे भाड्याने मिळतं ते नाव.

गेल्या काही वर्षांत अमृततुल्य चहाच्या फ्रँचायझी गल्लोगल्ली झाल्या. दुकान तुमचं, पगारी पोरं तुमची, दूध-साखर तुमची. पाटी, रंग, कपाचा आकार आणि मसाल्याची पुडी दुसऱ्याची. त्याबद्दल सुरुवातीला एकरकमी फी, आणि पुढे बहुतेक ठिकाणी दरमहा रॉयल्टी. इथे माझ्याकडे येणारी निम्मी माणसं चुकतात. रॉयल्टी नफ्यावर नसते, ती गल्ल्यावर असते. महिन्याचा गल्ला पाच लाख, रॉयल्टी सहा टक्के धरली तर तीस हजार, जाहिरात निधीचे दोन टक्के धरले तर आणखी दहा. भाडं आणि पगार देऊन तुमच्या हाती त्या महिन्यात काही उरलं नसलं तरी ते चाळीस हजार द्यावेच लागतात. म्हणजे नाव देणाऱ्याला तुमच्या नफ्याची काळजी असेलच असं नाही, त्याला तुमचा गल्ला हवा. तुमच्या दुकानापासून दोनशे मीटरवर त्याने दुसरं दुकान दिलं तर दोघांचा मिळून गल्ला वाढतो आणि दोघंही तोट्यात जाऊ शकतात. म्हणून करारात हद्द लिहून घ्यायची, नकाशावर रेघ मारून. ‘तोंडी ठरलंय’ हे उत्तर मी ऐकूनच घेत नाही.

यातही पोटप्रकार आहेत. पैसा तुमचा आणि दुकान चालवायचं तुम्हीच, याला या धंद्यात ‘फोफो’ म्हणतात. पैसा तुमचा पण चालवणार कंपनी, ते ‘फोको’. दुसऱ्या प्रकारात ठरावीक परतावा देतो असं सांगितलं जातं. तेव्हा तुम्ही व्यापारी नसता, तुम्ही कंपनीला पैसे वापरायला दिलेले असतात. त्याच नजरेने कागद वाचायला हवा. अमेरिकेत १९७९ पासून फ्रँचायझी देणाऱ्याने आपला लेखाजोखा आधी दाखवायचा नियम आहे. आज तिथे सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी तो कागद द्यावा लागतो. किती फ्रँचायझी बंद पडल्या, कोणाकोणाचे कज्जे चालू आहेत, हेही त्यात लिहावं लागतं. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही. म्हणून तो १४ दिवसांचा अवधी आपणच आपल्याला द्यायचा, आणि त्या दिवसांत त्याच नावाच्या चार दुकानांत जाऊन, गिऱ्हाईक नसलेल्या वेळेला, मालकाजवळ बसायचं.

कृषी सेवा केंद्राच्या डीलरबद्दल मला मनापासून काही सांगायचंय. बियाणं, खत, कीटकनाशक, प्रत्येकाचा परवाना वेगळा. बियाण्यांचा कायदा १९६६ चा, कीटकनाशकांचा १९६८ चा, खतांचा आदेश १९८५ चा. पण गावात त्याचं खरं स्थान परवान्यात मावत नाही. शेतकरी करपलेलं पान खिशातून काढून काउंटरवर ठेवतो आणि विचारतो, “यावर काय मारू?” त्या क्षणी तो दुकानदार डॉक्टर असतो, औषधवालाही असतो आणि उधारी देणारा सावकारही. ज्या बाटलीवर कमिशन जास्त तीच सुचवायचा मोह होणारच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हा काउंटरवरच्या दोन वाक्यांचं मोल किती, हे आपल्याला कळायला हवं होतं. हैदराबादच्या ‘मॅनेज’ या राष्ट्रीय संस्थेने २००३ पासून अशा दुकानदारांसाठी वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला, तो याचसाठी. मी ओळखीच्या प्रत्येक दुकानदाराला तो करायला सांगतो. डीलर या शब्दात ज्ञानाची जबाबदारी सगळ्यात जास्त कुठे असेल तर ती इथे.

पैशाच्या बाजारातला फरक पटकन सांगतो. दलाल तुमच्या वतीने शेअर घेतो आणि दलाली मागतो, भाव पडला तर तोटा तुमचा. डीलर स्वतःच्या पैशाने घेतो आणि स्वतःच विकतो, खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतर हीच त्याची कमाई. परदेशी निघालात आणि बँकेतून डॉलर घेतलेत तर पाटीवरचे दोन भाव आठवा, घेण्याचा एक आणि देण्याचा एक. रिझर्व्ह बँकेच्या भाषेत ती बँक ‘अधिकृत डीलर’ आहे. आणि दलालाच्या कचेरीतल्या ज्या पोराला सगळे डीलर म्हणतात, तो खरं तर पगारी नोकर. तुमचा सौदा तेवढा टाकतो. त्याने फोनवर “साहेब, हे घ्या, हमखास वाढणार” म्हटलं तरी पैसे तुमचे जातात, त्याचा पगार चालू राहतो.

आता कॅसिनो. महाराष्ट्रात ते नाहीत. १९७६ मध्ये कॅसिनोवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा मात्र राज्याने केला होता. तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्यात १९७६ च्याच जुगारविरोधी कायद्यात नव्वदच्या दशकात दुरुस्त्या होऊन आधी पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना आणि मग पाण्यावरच्या बोटींत टेबलांवरच्या खेळांना मुभा मिळाली. म्हणून तर त्या बोटी मांडवीत उभ्या असतात. गोव्यातल्या लोकांना तिथे जुगार खेळायला मनाई आहे.

टेबलामागच्या मुलीचे हात पाहा, चेहरा नको. तुम्ही नोटा तिच्या हातात द्यायला गेलात तर ती घेणार नाही, टेबलावर ठेवायला सांगेल. मग ती त्या नोटा हिरव्या कापडावर एकेक पसरते, वरच्या कॅमेऱ्याला दिसतील अशा. तेवढ्याच मोलाच्या चकत्या मोजून पुढे सरकवते आणि नोटा फटीतून खालच्या पेटीत ढकलते. तिची पाळी संपली की टेबल सोडताना ती एक हलकी टाळी वाजवते, दोन्ही तळवे वर करून दाखवते, मग उलटे करते. हातात चकती लपवलेली नाही एवढं सांगण्यासाठी ते. नमस्कारासारखं दिसतं, पण ती झडती आहे, स्वतःची स्वतःच दिलेली.

माझे तीन प्रश्न तिला विचारले तर उत्तरं स्वच्छ मिळतात. चकत्या घराच्या, म्हणजे कॅसिनोच्या. नियम घराचे. हरलं-जिंकलं तरी तिचं काही नाही, तिला पगार आणि कोणी खुशीने दिली तर टिप. ब्लॅकजॅक या, पानांची बेरीज एकविसाच्या जवळ न्यायच्या पत्त्यांच्या खेळात डीलर खेळतेय असं वाटतं, पण तिला निवड करायची सोयच नाही. सोळापर्यंत पान घ्यायचंच, सतरा झाले की थांबायचं. पुष्कळ लोक हरल्यावर तिच्यावर चिडतात, ‘हिचा हात जड आहे’ म्हणतात. हे बरोबर नाही. पैसे तिच्या हाताने जात नाहीत, गणिताने जातात. रुलेट म्हणजे आकड्यांच्या घरांचं फिरतं चक्र, गोळी ज्या घरात थांबेल तो आकडा जिंकतो. एक शून्य असलेल्या चक्रात ३७ घरं असतात. तुमचा एक आकडा लागला तर शंभराला साडेतीन हजार मिळतात. प्रत्येक घर एकेकदा येईल असं धरा. ३६ वेळा शंभर गेले, ते ३,६००. एकदा आले ३,५००. म्हणजे ३,७०० लावून १०० गेले, शेकडा २.७. दोन शून्यांचं चक्र असेल तर ३८ घरं, आणि जाणारे शेकडा ५.२६. या गणितात कोणी पानं फिरवायची गरजच नसते. रात्रभर लोक बसले की घराचा वाटा आपोआप निघतो.

पुतण्याला मी हे सगळं सांगितलं नाही, एवढा वेळ नव्हता. त्याचा करार उघडला आणि तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यालाच शोधायला लावली. तेविसाव्या पानावर होतं की गाडी कारखान्याच्या फाटकाबाहेर पडताच मालकी डीलरकडे जाते. भाव कंपनी ठरवणार, तोही केव्हाही बदलून. न खपलेल्या गाड्या आणि बॅटऱ्या परत घेण्याबद्दल चाळीस पानांत एकही ओळ नव्हती. तो तेविसावं पान बराच वेळ वाचत बसला. मग म्हणाला, “काका, म्हणजे वीस गाड्या माझ्या.”

त्या रात्री आम्ही दोघांनी बसून कंपनीला पत्र लिहिलं. न खपलेला माल नव्वद दिवसांनी परत घ्यावा, भाव उतरवला तर उभ्या गाड्यांवरचा फरक द्यावा, आणि कंपनीने हे मॉडेल बंद केलं तर सुटे भाग किती वर्षं मिळतील ते लिहून द्यावं. तीन आठवडे झाले. त्यांच्या माणसाचा दोनदा फोन आला, दुसरा कोणी तयार आहे म्हणून. लेखी उत्तर आलेलं नाही. सातबारा त्याने फाइलीतून काढून घरी नेला आहे.